हे खरे कशावरून? प्रथम वर्षाच्या संज्ञापन सिद्धांताच्या पेपराबद्दल खुले पत्र

प्रति,
जनसंज्ञापन आणि माध्यम अभ्यास या विषयांची अभ्यासमंडळे,
तसेच प्रथम वर्षाच्या प्रश्नपत्रिका काढणारे प्राध्यापक

स. न. वि. वि.

‘संज्ञापन सिद्धांत’ या पेपराचा अभ्यासक्रम नव्याने लिहायला बसाल तेव्हा हे पत्र टेबलावर असावे, म्हणून ते लिहीत आहोत. हा पेपर शिकवणारे आम्ही काही शिक्षक आहोत. आमचे मागणे एकच आहे. प्रत्येक सिद्धांत त्याच्यामागच्या प्रश्नासह आणि पुराव्यासह शिकवला जावा. सत्र संपेपर्यंत विद्यार्थ्याला डझनभर प्रतिमानांच्या आकृत्या आणि त्यांची साले पाठ झालेली असतात, पण ‘हे खरे कशावरून?’ असे विचारले की तो गप्प होतो. त्याला दोष देता येणार नाही. अभ्यासक्रमात आणि परीक्षेत हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो.

पहिल्या घटकापासूनच बघा. क्लॉड शॅनन यांचे प्रतिमान जवळपास सगळीकडे ‘संवादाचे एकदिशा प्रतिमान’ म्हणून शिकवले जाते. चौकोन, बाण, वरून घुसणारा गोंगाट, आणि खाली मर्यादा: यात प्रत्याभरण (ऐकणाऱ्याचा परत येणारा प्रतिसाद) नाही, अर्थाचा विचार नाही. हे वाचून विद्यार्थ्याला वाटते की शॅनन यांना माणसांचा संवाद समजावून सांगायचा होता आणि ते त्यांना जमले नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९४८ साली बेल प्रयोगशाळांच्या नियतकालिकात जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन भागांत छापलेल्या त्या लेखाचा प्रश्न अभियांत्रिकीचा होता. गोंगाट असलेल्या वाहिनीतून जास्तीत जास्त माहिती कमीत कमी चुकांनी कशी पाठवायची, एवढाच. संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाचा संबंध नाही, असे लेखाच्या सुरुवातीलाच म्हटले आहे. अर्थाची आणि परिणामाची पातळी जोडली ती वॉरन वीव्हर यांनी, १९४९च्या पुस्तकातल्या आपल्या निबंधात. जो प्रश्न लेखकाने स्पष्टपणे बाजूला ठेवला, त्याचे उत्तर दिले नाही म्हणून गुण कापायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो आहोत.

शिकवण्यासारखे जे आहे ते मात्र राहून जाते, आणि ते म्हणजे अतिरिक्तता, म्हणजे संदेशातला असा भाग की जो गाळला तरी उरलेल्यावरून ओळखता येतो. यासाठी एक तास पुरतो. वीस-पंचवीस शब्दांचे साधे वाक्य घ्या, त्यातला प्रत्येक पाचवा शब्द खोडा आणि वर्गाला ओळखायला सांगा. बरेच शब्द ओळखता येतात, कारण व्याकरण आणि संदर्भ हरवलेला भाग भरून काढतात. मग दहा आकडी फोन क्रमांक लिहा आणि त्यातला एकच आकडा खोडा. तो कुणालाच सांगता येत नाही, कारण क्रमांकात अतिरिक्तता जवळजवळ शून्य आहे. भाषेत ती भरपूर असते. इंग्रजीसाठी शॅनन यांनी काढलेला अंदाज साधारण ५० टक्के होता. गोंगाटाविरुद्ध संदेश टिकतो तो या अतिरिक्ततेच्या जोरावर. रेडिओवर महत्त्वाची सूचना दोनदा का वाचतात, बातमीच्या मथळ्यातला मजकूर पहिल्या परिच्छेदात पुन्हा का येतो, याची कारणे विद्यार्थी मग स्वतःच सांगू लागतात. आकृती तशीही पाच मिनिटांत काढून होते.

दुसरी अडचण इतिहासाच्या घटकात आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत माध्यम परिणामांचा इतिहास तीन अंकी नाटकासारखा येतो. आधी सगळे ‘बुलेट’ सिद्धांत (माध्यमांचा संदेश गोळीसारखा थेट आणि सगळ्यांना सारखाच लागतो) मानत होते, मग मर्यादित परिणामांचा काळ आला, मग पुन्हा माध्यमे प्रबळ ठरली. यातला पहिला अंक बराचसा नंतरच्या लेखकांनी रचलेला आहे. ‘बुलेट’ किंवा ‘इंजेक्शनची सुई’ या नावाने सिद्धांत मांडून तो तपासणारा त्या काळातला संशोधक दाखवता येत नाही. आधीच्या संशोधकांना ही लेबले मागाहून चिकटवली गेली. चित्रपटांचा मुलांवर होणारा परिणाम तपासणारे अमेरिकेतल्या पेन फंडाचे अभ्यास १९३३पासून प्रसिद्ध झाले, त्यांतसुद्धा वय, घर, परिसर यांनुसार परिणाम बदलतो असेच आढळले होते.

बुलेटचा पुरावा म्हणून ३० ऑक्टोबर १९३८चे, मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीचे अमेरिकी रेडिओनाट्य सांगितले जाते. ‘अख्खा देश घाबरून रस्त्यावर आला’ हे वाक्य नोट्समधून नोट्समध्ये जात राहते. मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९४०च्या पुस्तकात दिलेला अंदाज असा: निदान ६० लाख लोकांनी ते ऐकले आणि त्यांपैकी निदान १० लाख घाबरले किंवा अस्वस्थ झाले. म्हणजे त्यांच्याच आकड्यांनी सुमारे पाच षष्ठांश श्रोते घाबरले नाहीत. शिवाय कँट्रिल यांचा खरा प्रश्न कोण घाबरले आणि कोण नाही, हा होता. दुसरे स्टेशन लावून बघणारे, वर्तमानपत्रातला कार्यक्रम तपासणारे लोक का वेगळे ठरले, यावर त्यांचे पुस्तक आहे. बुलेटच्या बाजूने जो पुरावा आपण देतो, तोच नीट वाचला तर बुलेटच्या विरोधात जातो. हे वर्गात दाखवून द्यायला एक तासिका लागते, आणि सूत्र पाठ करण्यातला धोका विद्यार्थ्याला कायमचा कळतो.

याच जातीचे आणखी एक वाक्य तर प्रश्नपत्रिकेतही दिसते: ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो.’ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७च्या दोन छोट्या प्रयोगांतून निघालेले ७-३८-५५ (शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांचे टक्के) हे आकडे सुट्या शब्दांबद्दल आहेत, तेही बोलणाऱ्याला समोरच्याविषयी काय वाटते हे ऐकणारा कशावरून ठरवतो, एवढ्यापुरते. व्याख्यानाला, बातमीला किंवा मुलाखतीला ते लावता येत नाहीत. हे वाक्य अभ्यासक्रमातून काढून टाका, ही विनंती.

आता काय कापायचे ते स्पष्टच सांगतो. सत्रात ४५ तासिका मिळतात असे धरू. बर्लो, ऑसगुड-श्रॅम, वेस्टली-मॅक्लीन आणि गर्बनर यांचे १९५६चे प्रतिमान, या सगळ्यांना मिळून दोन तासिका द्या. आकृती म्हणजे विचाराची मांडणी असते, दावा नसतो. ती बरोबर की चूक हे तपासता येत नाही. सोयीची की गैरसोयीची एवढेच म्हणता येते. उरलेल्या वेळात सहा-सात सिद्धांत नीट शिकवा: शॅनन, द्विस्तर प्रवाह (माध्यमांतून आधी मतप्रवर्तकांकडे, म्हणजे इतरांवर छाप असणाऱ्यांकडे, आणि त्यांच्याकडून इतरांकडे), अजेंडा सेटिंग (माध्यमे जे प्रश्न ठळक करतात ते लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात), कल्टिव्हेशन (गर्बनर यांचा दावा: जास्त टीव्ही पाहणाऱ्यांना जग टीव्हीत दिसते तसे वाटू लागते), फ्रेमिंग (बातमी कोणत्या चौकटीत मांडली याचा परिणाम), स्टुअर्ट हॉल यांचे संकेतन-विसंकेतन (संदेशात अर्थ घालणे आणि प्रेक्षकाने तो वाचणे), आणि हॅबरमास यांचे सार्वजनिक क्षेत्र (नागरिकांच्या खुल्या चर्चेची जागा) किंवा माध्यमांचे राजकीय अर्थकारण (मालकी आणि पैसा यांचा माध्यमांवरचा प्रभाव) यांपैकी एक. प्रत्येकाला पाच तासिका धरल्या तरी आठएक तासिका प्रात्यक्षिकाला मिळतात. माध्यम सिद्धांतकार मार्शल मॅक्लुहान कुठे गेले, असे कुणी विचारील. त्यांना दुसऱ्या वर्षात, हॅरॉल्ड इनिस यांच्यासोबत, निवांत शिकवावे. ‘माध्यम हाच संदेश’ एवढे एक वाक्य हाती देऊन प्रथम वर्षात काही साधत नाही.

नीट शिकवणे म्हणजे काय, ते अजेंडा सेटिंगवरून दाखवतो.

मॅक्सवेल मॅकॉम्ब्ज आणि डॉनल्ड शॉ यांनी १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल इथे १०० मतदारांच्या मुलाखती घेतल्या. ते सगळे अजून मत न ठरवलेले होते, कारण प्रचाराच्या माहितीचा परिणाम झालाच तर तो आधी यांच्यावर होईल, असा तर्क होता. त्यांना सर्वांत महत्त्वाचे वाटणारे प्रश्न आणि नऊ माध्यमांनी त्याच काळात ठळक केलेले प्रश्न यांची तुलना केली. प्रमुख बातम्यांच्या बाबतीत सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच संबंध नाही) ०.९६७ निघाला. निष्कर्ष १९७२ साली छापला गेला. बहुतेक पुस्तके इथेच थांबतात, पण अभ्यास खरा इथून सुरू व्हायला हवा.

पहिली शंका: तुलना फक्त पाच विषयांची होती. क्रमांक सहसंबंधाचे सूत्र फळ्यावर लिहा. क्रमांकांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज करा, तिला ६ने गुणा, विषयांची संख्या पाच असेल तर १२०ने भागा आणि उत्तर १मधून वजा करा. शेजारशेजारच्या दोन विषयांची अदलाबदल झाली तर वर्गांची बेरीज २ येते आणि उत्तर ०.९. पाच विषय एकूण १२० प्रकारे लावता येतात. त्यांपैकी ५ प्रकारांत ०.९ किंवा त्याहून जास्त सहसंबंध निव्वळ योगायोगाने येतो, म्हणजे शंभरात चाराहून थोडे जास्त वेळा. म्हणजे ‘०.९’ हा आकडा वाटतो तेवढा दिपवून टाकणारा नाही. हे गणित कॅल्क्युलेटरशिवाय होते.

दुसरी शंका: कोण कुणाच्या मागे गेले? एकाच वेळी घेतलेल्या मोजमापावरून माध्यमांनी लोकांना हलवले की लोकांच्या काळज्या माध्यमांनी उचलल्या, हे सांगता येत नाही. म्हणून १९७२च्या निवडणुकीत शार्लट इथे त्याच मतदारांना पुन्हापुन्हा विचारणारी पाहणी झाली. त्यावरही समाधान होईना, तेव्हा शांतो अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रयोगच प्रसिद्ध केला. टीव्हीच्या बातमीपत्रांत विशिष्ट विषयाच्या बातम्या घालून ती आठवडाभर लोकांना दाखवली, आणि आधी-नंतरची उत्तरे ताडून पाहिली. पाहणी, पुन्हा तीच माणसे, मग प्रयोग, असा हा चढता क्रम आहे. एखादा सिद्धांत भक्कम होतो तो कसा, हे या क्रमातून जेवढे स्वच्छ दिसते तेवढे दुसऱ्या कुठल्याही उदाहरणातून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला दिसणार नाही, असे आमचे मत आहे.

यानंतर प्रात्यक्षिक. पाच-पाच जणांचे गट करा. एक वर्तमानपत्र किंवा बातम्यांचे एक संकेतस्थळ निवडा आणि सलग १४ दिवस पहिले पान जमवा. संकेतस्थळ असेल तर रोज ठरलेल्या वेळी स्क्रीनशॉट घ्या, कारण ते पान दिवसभर बदलत असते आणि ‘सवड मिळेल तेव्हा’ घेतलेल्या स्क्रीनशॉटांची एकमेकांशी तुलना होत नाही. विषयांचे आठ वर्ग आधी ठरवा, नववा ‘इतर’. सहसंबंध काढताना तो धरायचा नाही. एक बातमी एकाच वर्गात. मुख्य बातमीला ३ गुण, पानाच्या वरच्या अर्ध्या भागातल्या बातमीला २, खालच्या भागातल्या बातमीला १. गुणांची बेरीज करून विषयांचे क्रम लावा.

लगेच पुढच्या आठवड्यात साठेक लोकांना एकच खुला प्रश्न विचारा: ‘सध्या आपल्यापुढचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता वाटतो?’ पर्यायांची यादी देऊ नका. यादी दिली की अजेंडा तुम्हीच ठरवला. उत्तरे त्याच आठ वर्गांत घाला, क्रम लावा, सारखे गुण पडले तर क्रमांकांची सरासरी द्या, आणि सहसंबंध काढा. आठ विषयांसाठी भागाकाराचा आकडा ५०४ होतो. उत्तर ०.७४च्या आसपास किंवा पुढे गेले, तरच ते पाच टक्क्यांच्या कसोटीवर योगायोगापलीकडचे म्हणावे.

यात काय बिघडते तेही अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शिकेत छापा. सगळ्यात जास्त वेळा ‘राजकारण’ नावाचा एकच वर्ग निम्म्या बातम्या गिळून टाकतो. त्याला फोडून धोरण, निवडणूक, भ्रष्टाचार असे वर्ग करावे लागतात, आणि हे पहिल्या दोन दिवसांच्या पानांवर चाचणी घेतली तरच वेळेत कळते. दुसरे म्हणजे विद्यार्थी वर्गमित्रांनाच प्रश्न विचारतात, आणि ते मित्र ते वर्तमानपत्र वाचतच नाहीत. तेव्हा आधी ‘हे वाचता का, आठवड्यातून किती दिवस?’ हा प्रश्न हवा. तिसरे, पाहणी आधी आणि पाने नंतर. असे झाले तर सहसंबंध कितीही येवो, तो अजेंडा सेटिंगचा पुरावा ठरत नाही. आणि सहसंबंध शून्याजवळ आला म्हणून गटाचे गुण कापू नका. नकारात्मक निकाल नीट समजावून देणाऱ्या गटाला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी आकडे बनवले जातील.

या प्रात्यक्षिकाचा कणा म्हणजे संकेतनाची, म्हणजे इथे बातम्या वर्गांत घालण्याच्या कामाची, विश्वासार्हता, आणि नेमकी तीच आजच्या प्रथम वर्षातून गायब आहे. एकच बातमी दोघांनी स्वतंत्रपणे वर्गात घातली, तर उत्तर सारखे येते का? विद्यार्थी टक्केवारी काढतात आणि समाधान मानतात. उदाहरण घेऊ. १०० बातम्या, प्रश्न एवढाच की बातमीचा मुख्य स्रोत सरकारी आहे का. दोघांचेही ‘हो’ ८५ वेळा, दोघांचेही ‘नाही’ ५ वेळा, मतभेद १० वेळा, दोन्ही बाजूंनी पाच-पाच. सहमती ९० टक्के. छान वाटते. पण दोघेही ९० टक्के वेळा ‘हो’ म्हणत आहेत, म्हणजे डोळे मिटून लिहिले तरी ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ०.८२ सहमती आपोआप येते. योगायोगाची ही सहमती वजा केली की जेकब कोहेन यांचे १९६०चे ‘कप्पा’ (kappa) हे माप येते: ०.०८ (०.९० वजा ०.८२) भागिले ०.१८ (१ वजा ०.८२), म्हणजे ०.४४. हा आकडा सांगतो की ‘सरकारी स्रोत’ याची व्याख्या दोघांच्या मनात वेगळी आहे. क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांनी स्वतःच्या अल्फा या मापासाठी ०.८०ची अपेक्षा धरली आहे, आणि ०.६६७च्या खाली निष्कर्ष काढूच नये असे सांगितले आहे. मापे दोन आहेत, पण ०.४४ कुठल्याही कसोटीवर कमीच. मग गटाने काय करायचे? मतभेदाच्या दहा बातम्या समोर ठेवून संकेतन पुस्तिकेतली व्याख्या सुधारायची आणि नव्या बातम्यांवर पुन्हा चाचणी घ्यायची. जुन्याच बातम्यांवर घेतली तर ती स्मरणशक्तीची चाचणी होते.

आकडा किती लहान असू शकतो हे कल्टिव्हेशनच्या घटकात दाखवता येते. जॉर्ज गर्बनर यांच्या दाव्याभोवती बराच गाजावाजा झाला, पण १९९७ साली मॉर्गन आणि शॅनहन यांनी तोवरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी केली तेव्हा सरासरी सहसंबंध ०.०९च्या आसपास निघाला. म्हणजे उत्तरांतल्या फरकापैकी एक टक्काही टीव्ही पाहण्याने समजत नाही. तरी वर्षानुवर्षे, लाखो लोकांवर होणारा छोटा परिणाम महत्त्वाचा असू शकतो, असे गर्बनर यांच्या बाजूचे लोक म्हणतात. या वादात विद्यार्थ्याने बाजू घ्यावी, पण आकडा समोर ठेवून घ्यावी.

आमचे म्हणणे वाचून कुणाला वाटेल की सगळे मोजमापाच्या चौकटीत बसवायचे आहे. तसे मुळीच नाही. अर्थाचा अभ्यास करणाऱ्या परंपरेतही पुरावा असतो, फक्त त्याचे रूप वेगळे असते. हॉल यांनी १९७३ साली मांडलेल्या तीन वाचनस्थिती आपण ‘सहमत, अंशतः सहमत, असहमत’ अशा शिकवतो, आणि सिद्धांताचा जीव तिथेच जातो. विरोधी वाचन करणाऱ्याला प्रबळ अर्थ (संदेश देणाऱ्याला अभिप्रेत असलेला) पूर्ण कळलेला असतो आणि तो जाणूनबुजून दुसऱ्या चौकटीत संदेश वाचतो. ज्याला संदेश कळलाच नाही किंवा जो कंटाळून उठून गेला, तो विरोधी वाचक नव्हे. डेव्हिड मॉर्ली यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटिश टीव्हीवरचा एक चालू घडामोडींचा कार्यक्रम २९ गटांना दाखवून चर्चा ऐकल्या. साधारण सारख्याच सामाजिक वर्गातल्या शिकाऊ कामगारांचे आणि कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांचे वाचन वेगळे निघाले, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गटांना तो कार्यक्रम आपल्यासाठी आहे असेच वाटले नाही. म्हणजे नुसत्या वर्गावरून वाचन ठरत नाही. हा निष्कर्ष काढायला आकडे लागले नाहीत. लोकांचे शब्द नीट नोंदवावे लागले. प्रात्यक्षिकही तसेच घ्यावे: तीन मिनिटांची एक बातमी, चार-चार जणांचे दोन गट, वीस मिनिटांची चर्चा, शब्दशः लिप्यंतर. एक मिनिट बोलणे उतरवायला नवख्याला सहा-सात मिनिटे लागू शकतात, तेव्हा लांब चर्चा लावू नका. आणि ‘तुम्हाला बातमी पटली का?’ असे विचारू नका. ‘यात काय सांगितले, ते आपल्या शब्दांत सांगा’ इथून सुरुवात केली तर प्रबळ अर्थ कळला की नाही हे आधी समजते.

आता प्रश्नपत्रिकेकडे वळू, कारण ती बदलली नाही तर वरचे काहीही वर्गात उतरणार नाही. ‘अजेंडा सेटिंग सिद्धांत सविस्तर स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर गाइडमध्ये तयार मिळते. त्याऐवजी सहा विषयांचा छोटा तक्ता द्या, एका रकान्यात माध्यमांतला क्रम, दुसऱ्यात लोकांचा. सहसंबंध काढायला ४ गुण, त्यावरून काय म्हणता येते आणि काय येत नाही याला ६, आणि कारणाची दिशा ठरवण्यासाठी पुढचा अभ्यास कसा आखाल याला ५. सूत्र छापूनच द्या. परीक्षा सूत्र पाठ आहे का याची नाही. द्विस्तर प्रवाहावर विचारायचे असेल तर असे विचारा: १९४०च्या, अमेरिकेतल्या एरी काउंटीतल्या पाहणीत ६०० लोकांना वारंवार भेटले, तरी ‘मतप्रवर्तकांकडून इतरांकडे’ ही वाट त्यात थेट का मोजता आली नाही? जो विद्यार्थी ओळखेल की तिथे सुट्या व्यक्तींचा नमुना होता, कोण कुणाशी बोलतो याची नोंद नव्हती, आणि म्हणून पुढे डिकेटर इथे वेगळी पाहणी करावी लागली, त्याला सिद्धांत समजला आहे.

शंभर-सव्वाशेच्या वर्गात हे तपासणार कोण, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच काम गटाचे ठेवले आहे. पाच जणांचा गट धरला तर सव्वाशे विद्यार्थ्यांचे पंचवीस अहवाल होतात, आणि प्रत्येकी चार पानांची मर्यादा घातली तर ते वाचून होतात. गटात कुणी काम केले आणि कुणी नाही हे कळावे म्हणून संकेतनाच्या तक्त्यावर प्रत्येक ओळीपुढे संकेतन करणाऱ्याची सही घ्या. गणिताची धास्ती असलेल्या विद्यार्थ्यांबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की वरच्या सगळ्या हिशोबांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यापलीकडे काहीही नाही.

सुधारित अभ्यासक्रमाबरोबरच एक नमुना प्रश्नपत्रिका आणि एक रिकामी संकेतन पुस्तिका सत्राच्या पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयांना पाठवावी, आणि मूळ लेखांतली निवडक आठ-दहा पाने अनिवार्य वाचन म्हणून नेमावीत. पुस्तिकेचा मसुदा तयार करण्याची जबाबदारी घ्यायला आम्ही तयार आहोत. अभ्यासमंडळाने कळवल्यास बैठकीपूर्वी तो सादर करू.

आपले,
प्रथम वर्षाला संज्ञापन सिद्धांत शिकवणारे काही शिक्षक